शंभर मेट्रोनोम आणि एक टेबल

वादकाला लयीत ठेवणारा मेट्रोनोम ग्यॉर्गी लिगेती यांनी १९६२ मध्ये वाद्य म्हणूनच मंचावर आणला. ‘पोएम सिंफोनिक’ या रचनेत चावीचे १०० मेट्रोनोम वेगवेगळ्या गतींवर लावून सोडून देतात. आधी पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा नुसता कल्लोळ ऐकू येतो. एकेकाची चावी उतरत जाते तशा लयी सुट्या होऊन कानाला ओळखू येतात आणि अखेर एकच टिकटिक उरते. १९६३ मध्ये नेदरलँड्समधल्या हिल्व्हर्सम येथे ही रचना प्रथम सादर झाली, तेव्हा दूरचित्रवाणीने ठरलेले प्रक्षेपण रद्द करून फुटबॉलचा सामना दाखवला. थट्टा सर्वांना दिसली. तिच्या आत उलगडत जाणारी लयीची वीण फार थोड्यांच्या लक्षात आली.

स्टीव्ह राइश यांच्या ‘क्लॅपिंग म्युझिक’ला (१९७२) तर चार हात पुरतात. बारा मात्रांचा एकच आकृतिबंध: तीन टाळ्या, विश्रांती, दोन, विश्रांती, एक, विश्रांती, दोन, विश्रांती. पहिला वादक तो न बदलता वाजवतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा सरकतो आणि बाराव्या सरकण्याला दोघे पुन्हा एकत्र येतात. खरी कसोटी समेची आहे. सरकलेल्या तीन टाळ्यांच्या आरंभाला सम मानण्याचा मोह दुसऱ्या वादकाला सतत होतो. राइश यांची सूचना मात्र मूळ आवर्तनाचीच सम धरून राहण्याची आहे. ती सुटली की रचनेतली गंमतही जाते.

थिएरी द मे यांच्या ‘म्युझिक द ताब्ल’मध्ये (१९८७) तीन वादक टेबलावर मूठ, नखे, तळहाताची कड असे आघात करतात, प्रत्येक हालचाल स्वरलिपीत नोंदलेली असते. ॲल्विन लुसिए यांनी १९८८ मध्ये एकट्या ट्रँगलसाठी रचना केली. त्यात वादक ट्रँगल दाबणाऱ्या चिमटीची जागा, आघातांचा वेग आणि जोर हळूहळू बदलत त्या एका धातूच्या दांडीतून नवनवे नाद काढतो.

या साऱ्या रचनांतले हसू वादकाच्या एकाग्रतेतून निर्माण होते. तोंड वेडेवाकडे करून ते मिळवू पाहणारे सादरीकरण फसलेले समजावे. ‘क्लॅपिंग म्युझिक’ बसवू पाहणाऱ्या जोडीने सुरुवात संथ लयीत करावी आणि दुसऱ्या वादकाने बाराही सरकलेल्या जागा पायाने सम देत एकट्याने पक्क्या कराव्यात.