बेस घ्या, पण आधी क्रॉसओव्हर नीट निवडा

गणपती-दुर्गोत्सव जवळ आले की अमरावती-अकोल्यातली मंडळं, गावोगावची भजनी मंडळं आणि बिछायत केंद्रवाले आपल्या साऊंडमध्ये भर घालायला निघतात. भर म्हणजे बहुधा बेसच. दुकानातलं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं, "भाऊ, छातीत बसला पायजे." मग अठरा इंची बॉक्सची जोडी येते, तिला पेलणारा ॲम्प्लिफायर येतो आणि पैसे उरलेच तर क्रॉसओव्हर. हा क्रम उलटा करा, एवढं सांगायला हा लेख लिहितो आहे. घरी गाणी ऐकण्यासाठी सबवूफर घेणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे.

क्रॉसओव्हर आवाजाची वाटणी करतो. खालचे, घुमणारे स्वर बेसकडे आणि वरचे टॉपकडे. पाटाचं दार खाली टाकलं की पाणी थांबतं, तसं इथे होत नाही. १०० हर्ट्झवर वाटणी केली म्हणजे बेसचा आवाज १०० ला तुटत नाही, तो तिथून उतरायला लागतो. हा उतार किती, हे क्रॉसओव्हरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: दर सप्तकाला १२ डेसिबल किंवा २४ डेसिबल. गिऱ्हाईक वॅट विचारतं, उतार विचारत नाही.

उताराने काय फरक पडतो ते पाहा. आपल्याकडे बेस टॉपच्या बरोबरीने कोणी ठेवत नाही, तो चढवलेलाच असतो. समजा दहा डेसिबलने चढवला. अशा वेळी १०० वर लावलेली वाटणी १०० वर राहत नाही. २४ च्या उतारात बेस आणि टॉप प्रत्यक्षात १३० च्या थोडं वर भेटतात. १२ च्या उतारात तीच भेट जवळजवळ १८० वर जाते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० च्या पट्ट्यात असतो. म्हणजे कीर्तनकार बोलतात तेव्हा त्यांचा अर्धा आवाज जमिनीवरच्या बॉक्समधून घुमत बाहेर पडतो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला कीर्तन चाललंय हे कळतं, काय चाललंय ते कळत नाही.

ज्या भागात गाडगेबाबांनी भर चौकात प्रश्न विचारून कीर्तन केलं आणि मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या भजनाला माणसं जमली, तिथे शब्दच ऐकू आला नाही तर उरलेल्या साऊंडचं काय करायचं? खंजिरीला तर सबवूफरकडून फारसं काही मिळतही नाही. तिची थाप आणि झांज दोन्ही टॉपमधून येतात. फक्त भजन-कीर्तनासाठी साऊंड घेत असाल तर सरळ चांगले टॉप घ्या आणि बेस सोडून द्या. ढोलकी, डग्गा, रेकॉर्डवरची गाणी हवी असतील तरच पुढे वाचा.

क्रॉसओव्हर दोन जातींचे. एक गुंडाळी आणि कपॅसिटरचा, ॲम्प्लिफायरनंतर बसणारा, म्हणजे पॅसिव्ह. टॉपच्या बॉक्समधला हॉर्न आणि वूफर यांच्यात तोच असतो आणि तिथे तो ठीक आहे. सबवूफरसाठी मात्र तो घेऊ नका. इतक्या खालच्या स्वरांना गुंडाळी भलीमोठी लागते, त्यात ताकद वाया जाते आणि एकदा बसवला की आकडा बदलता येत नाही. दुसरा ॲक्टिव्ह, मिक्सर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये बसणारा. बेसला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, पण आकडा आपल्या हातात राहतो. यात २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली उतार असलेला मागा. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या दोन अभियंत्यांनी १९७० च्या दशकात तो आणला. वाटणीच्या जागी दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली येतात, पण एकाच तालात असल्यामुळे बेरीज पुन्हा सपाट होते. बेहरिंगरच्या सीएक्स२३१० सारख्या साध्या, बटणांच्या क्रॉसओव्हरमध्येही हा उतार मिळतो.

त्यात एक गोष्ट मात्र मिळत नाही, डिले, म्हणजे एका बाजूचा आवाज क्षणभर थांबवण्याची सोय. मंडळासाठी माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची.

आपली मांडणी आठवा. बेस स्टेजसमोर जमिनीवर, टॉप स्टेजच्या कडेला, थोडे मागे. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. (मे महिन्यातल्या अकोल्यात तो ३६० च्या घरात जातो, पण तेवढ्या फरकाने इथे काही बिघडत नाही.) १०० हर्ट्झची एक लाट साडेतीन मीटरची. म्हणजे टॉप बेसच्या पावणेदोन मीटर, साधारण सहा फूट मागे असले की वाटणीच्या जागी दोघांचे आवाज एकमेकांना खातात. ऐकणाऱ्याला वाटतं, बेस कमी आहे. ऑपरेटर बेस चढवतो, वाटणीची जागा आणखी वर सरकते, शब्द आणखी घुमतो. उपाय एवढाच की पुढच्या बेसला पाच मिलिसेकंद थांबवायचं. हे काम डीएसपी, म्हणजे डिजिटल प्रोसेसर करतो. डीबीएक्सचा ड्राइव्हरॅक पीए२ किंवा मिनीडीएसपीचा २x४ एचडी ही त्यातली ओळखीची नावं. दुसरा ॲम्प्लिफायर घेण्याऐवजी यात पैसे घाला.

आकडा कोणता लावायचा, हे टॉप ठरवतो, दुकानदार नव्हे. टॉपच्या माहितीपत्रकात तो किती खालपर्यंत उतरतो ते दिलेलं असतं. त्याच्या थोडं वर वाटणी करायची. पंधरा इंची टॉपला ८०-९०, बारा इंचीला १०० च्या आसपास बहुधा जमतं. सव्वाशेच्या वर सहसा जाऊ नका, बेस कुठे ठेवलाय ते कानाला कळू लागतं. टॉपला खालून कापायला विसरू नका. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली वाजवायचं तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे पडद्याला, चौपट हलावं लागतं. बेस घेतल्यावरही टॉप जळतात, त्यामागे बरेचदा हेच असतं की त्यांच्यावरचं खालचं ओझं कुणी काढलेलंच नसतं. सुताराकडून प्लायवूडचे बॉक्स करून घेतले असतील आणि त्यांना हवेचं भोक असेल, तर ३५ हर्ट्झच्या खालचंही कापा. त्याखाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो मोकळा आपटतो.

खरेदीआधी आणखी एक पाहा. तुमच्याकडे आधीच किती क्रॉसओव्हर आहेत? नव्या ॲम्प्लिफायरच्या मागे एक असतो, पॉवर्ड सबवूफरमध्ये दुसरा, आता डीएसपी आला की तिसरा. दोन चालू राहिले तर उतार दुप्पट होतो आणि मधला स्वरपट्टाच गायब होतो. एक चालू ठेवा, बाकी 'फुल' किंवा 'बायपास' वर टाका.

घरातही हीच चूक सर्रास दिसते. होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर वेगळा क्रॉसओव्हर घेऊच नका, त्यात तो आहे. स्पीकर 'स्मॉल' करा, ८० हर्ट्झ लावा आणि सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर फिरवून ठेवा. आपल्या बारा फुटी खोलीत बेस ४८ हर्ट्झच्या आसपास घुमणारच, ते भिंतींचं काम आहे आणि कुठलाही क्रॉसओव्हर ते मिटवत नाही. सबवूफर कोपऱ्यातून हलवून पाहा. उन्हाळ्यात हे करताना कूलर बंद करा, नाहीतर त्याचीच घरघर बेस समजून बसाल. मग आपल्या आष्टगावच्या भीमराव पांचाळेंची एखादी गझल लावा आणि डग्ग्याकडे कान द्या. त्याची मींड नेमकी वाटणीच्या पट्ट्यात फिरते. ती मध्येच फुगली किंवा बुडाली, तर सबवूफरवरचं फेजचं बटण उलटं करून पुन्हा ऐका. जुळलेलं कळायला मशीन लागत नाही.

शेजाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पण हे मोजमाप ज्या 'ए' पट्टीवर होतं, ती ६३ हर्ट्झचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी धरते. यंत्रावर आकडा कायद्यात बसेल आणि बाजूच्या घरातलं पत्र्याचं दार तरीही थरथरत राहील. भिंतीही बेस अडवत नाहीत. तेव्हा "मीटरमध्ये बसतंय" हे उत्तर आजारी शेजाऱ्याला देऊ नका. वाटणी नीट जुळली की बेस तीन-चार डेसिबल उतरवूनही भरीव वाटतो. ते उतरवाच.

दुकानात जाताना टॉप आणि बेसचे मॉडेल क्रमांक कागदावर लिहून न्या. उतार किती आणि डिले किती मिलिसेकंदांपर्यंत जातो, हे दोन प्रश्न विचारा. उत्तरादाखल वॅटच ऐकू आले, तर पैसे खिशात ठेवून पुढच्या दुकानात जा.