विश्लेषण : ‘आम्ही ठीक आहोत’ म्हणणाऱ्या आईवडिलांना घरात मदतीची गरज आहे, हे कसे ओळखावे?

मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आईवडील गावच्या घरात, असे चित्र आता नवे नाही. रोज फोन होतो, ‘आम्ही ठीक आहोत’ हे उत्तर मिळते. मग एखाद्या दिवशी बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि ‘आता घरी कोण बघणार’ याचा निर्णय रुग्णालयात उभ्या-उभ्या घ्यावा लागतो. प्रत्यक्षात गरजेची चिन्हे बहुतेक वेळा त्याआधी काही महिने घरात दिसत असतात. ती कोणती आणि ती वेळेत ओळखण्याला इतके महत्त्व का, याचा आढावा.

हा प्रश्न किती कुटुंबांचा?

२०११च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार, २०५०पर्यंत देशातील दर पाच व्यक्तींपैकी एक ज्येष्ठ असेल. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत सुमारे सहा टक्के ज्येष्ठ एकटे, तर सुमारे २० टक्के फक्त जोडीदारासोबत राहत असल्याचे आढळले. म्हणजे दर चार ज्येष्ठांपैकी एकाच्या घरात मुले नाहीत.

मदतीची गरज मोजतात कशी?

वय किंवा आजारांची यादी यावरून गरज ठरत नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेले ८० वर्षांचे आजोबा स्वतःचे सगळे करू शकतात, तर ६८व्या वर्षी एखाद्याला आधार लागतो. म्हणून डॉक्टर रोजच्या कामांकडे पाहतात. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३मध्ये सहा मूलभूत कामे निश्चित केली : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६९मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्यात व्यवहाराच्या आठ कामांची भर घातली : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार. ही दोन मोजमापे आजही जगभर वापरली जातात.

या दोन याद्यांतला क्रम महत्त्वाचा आहे. सहसा आधी व्यवहाराची कामे डळमळतात, शरीराची कामे नंतर. ‘लासी’ पाहणीत ६० वर्षांवरील जवळपास ४८ टक्के व्यक्तींना व्यवहाराच्या किमान एका कामात अडचण होती, तर मूलभूत कामांत अडचण असलेले सुमारे २४ टक्के होते. कुटुंबाचे लक्ष मात्र बहुधा अंघोळ किंवा चालणे अडल्यावरच जाते. तोपर्यंत पहिली पायरी मागे पडलेली असते.

घरात कोणत्या खुणा शोधाव्यात?

फोनवर या गोष्टी कळत नाहीत. दोन-तीन दिवस घरी राहिल्यावर कळतात. गोळ्यांची पाकिटे तारखेच्या हिशेबाने संपलेली आहेत का, की अर्धी तशीच पडली आहेत? लाइट बिल थकले आहे का, एकच बिल दोनदा भरले गेले का? पासबुकात अनोळखी व्यक्तीला गेलेले पैसे दिसतात का? फ्रिजमध्ये बुरशी आलेले अन्न, करपलेली पातेली, एकाच वस्तूची चार पाकिटे, ही सगळी माहितीच असते. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी स्वतः जाऊन ते काम करणारे वडील यंदा ते टाळत असतील, तर कारण विचारायला हवे.

शरीराच्या खुणाही बोलक्या असतात. कपडे सैल होणे, अंगावर निळे-काळे डाग, भिंत धरत चालणे, रात्री बाथरूमला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणे. एक सोपी चाचणी घरी करता येते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे असावे. नेहमीचे देवदर्शन, कट्टा, भिशी किंवा भजनी मंडळ अचानक सुटणे हीदेखील खूण आहे. त्यामागे गुडघे, कमी ऐकू येणे किंवा नैराश्य असू शकते.

एखाद-दुसऱ्या चुकीवरून निष्कर्ष काढू नये. सहा महिन्यांपूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, असा बदल दोन-तीन कामांत दिसला, तर मदतीची वेळ आली असे समजावे.

दोघे एकत्र असतील तर काळजी नको?

उलट, तिथे लक्ष देण्याची गरज जास्त. अनेक जोडप्यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वडिलांच्या गोळ्या आई काढून देते, आईला आठवत नाही ते वडील सांगतात. पाहुण्यांना सगळे सुरळीत दिसते. जोडीदार आजारी पडला किंवा गेला, की झाकलेली अडचण एकदम उघडी पडते. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्रपणे काय जमते, हे पाहावे. सांभाळणाऱ्याची झोप, वजन आणि चिडचिड याकडेही तितकेच लक्ष हवे.

प्रत्येक विसरणे म्हणजे डिमेन्शिया का?

नाही. ‘लासी’शी जोडलेल्या अभ्यासानुसार देशातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे. म्हणजे बहुसंख्यांना तो नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांनीही विसरणे आणि गोंधळणे वाढते. यांतील बरेच उपचाराने सुधारते. एक-दोन दिवसांत अचानक बरळणे किंवा माणसे न ओळखणे सुरू झाले, तर ते वयावर ढकलू नये. लघवीचा संसर्ग किंवा शरीरातील सोडियम घटल्यानेही तसे होते आणि त्यावर तातडीने उपचार लागतात. म्हणूनच मदतनीस शोधण्याआधी डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घेणे हे पहिले पाऊल.

आईवडील मदत का नाकारतात?

‘घरात परके माणूस नको’, ‘तुम्हाला खर्च कशाला’ ही वरवरची कारणे. मुळाशी भीती असते ती स्वतःच्या घरातला स्वतःचा शब्द जाण्याची. त्यामुळे सुरुवात चोवीस तासांच्या माणसापासून करू नये. बाथरूममध्ये धरायला दांडा, कमोड, रात्रीचा दिवा, आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी, दुपारी दोन तास येणाऱ्या मावशी, अशी क्रमाने मदत वाढवता येते. माणूस कोणता, कोणत्या वेळी आणि कोणत्या कामासाठी, हे आईवडिलांनी ठरवले तर विरोध कमी होतो. ब्युरोमार्फत माणूस घेताना ओळखपत्र, पोलीस पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण आणि कोणती कामे होणार, हे लेखी घ्यावे.

सरकारी योजना किती कामाच्या?

ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. घरी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार त्यात बसत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. केंद्राच्या १४५६७ या ‘एल्डरलाइन’वर माहिती, मार्गदर्शन आणि छळाच्या प्रकरणांत मदत मिळते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मागता येतो. थोडक्यात, रुग्णालयाचा खर्च काही प्रमाणात सरकार उचलते, पण घरातल्या रोजच्या देखभालीचा भार कुटुंबावरच, आणि बहुतेक घरांत सुनेवर किंवा मुलीवर, पडतो.

उशीर झाल्यास नुकसान काय?

सर्वात मोठे नुकसान निर्णयाच्या अधिकाराचे. मृत्युपत्र करण्यासाठी मन सक्षम असावे लागते. अनेक घरांत ‘मुखत्यारपत्र आहे, चिंता नाही’ असे मानले जाते. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१नुसार ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. त्यानंतर खाते चालवायला किंवा घर विकायला न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. संयुक्त खाते, वारसनोंद, विम्याची कागदपत्रे ही कामे वेळेत व्हायला हवीत. मानसिक आजारात उपचार कसे व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आधीच लिहून ठेवता येते. घर मुलांच्या नावे करण्याची घाई मात्र नको. बक्षीसपत्र केलेच, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २००७च्या कायद्याच्या कलम २३खाली न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते.

खुणा लवकर ओळखल्या, तर मदत कोणती, किती आणि कोणाची घ्यायची, हे आईवडील स्वतः सांगू शकतात. उशीर झाला, तर तोच निर्णय त्यांच्याविषयी, पण त्यांच्याशिवाय घेतला जातो.