हा आमचा चिमणराव नव्हे!

नवी मालिका सुरू झाली, की पहिला भाग पुरता संपायच्या आत तिचा निकाल लावून मोकळे व्हायचे, ही आमच्या घराण्याची जुनी खोड आहे. परवा एका नव्या विनोदी मालिकेच्या पहिल्या भागाला दहा मिनिटे झाली नाहीत तोच सूनबाईंनी "हे काही चालायचं नाही" असा निर्वाळा दिला. आमच्या हिने त्याला दुजोरा दिला आणि भाजी निवडायला घेतली. मी मात्र गप्प बसलो. कारण मला अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, आठवण झाली.

मुंबईत टेलिव्हिजन आला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या गिरगावच्या चाळीत यायला त्याला आणखी तीन-चार वर्षे लागली, आणि आला तोही एकच. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांकडे. सरकत्या दारांची लाकडी पेटी, तिच्यावर काकूंनी क्रोशाने विणलेला रुमाल आणि पुढ्यात निदान चाळीस माणसे! पोरे पुढे सतरंजीवर, बायका पलंगावर, पुरुष दारात आणि उरलेले गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून. चित्र हलू लागले की एकजण गच्चीवर अँटेना फिरवायला जाई, आणि "आलं... आलं... गेलं!" हा पुकारा मजल्यामजल्याने वर पोचवला जाई.

१९७७ च्या सुमारास बातमी आली, की चि. वि. जोशींचा चिमणराव आता मुंबई दूरदर्शनवर दिसणार. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या चाळीला काय आनंद झाला म्हणता! अण्णांना मात्र झाला नाही.

त्याला कारण होते. दर शनिवारी रात्री जेवणे उरकली, की अण्णा 'चिमणरावाचे चऱ्हाट' काढीत. पुठ्ठा केव्हाच सुटलेला आणि पाने दोऱ्याने बांधलेली. अण्णा वाचीत ते आवाज काढून. गुंड्याभाऊ बोलू लागला, की शेजारच्या बिऱ्हाडातले तान्हे मूल दचकून उठे. चिमणरावाला मात्र त्यांनी भारदस्त, संथ, एखाद्या हेडक्लार्कला शोभेल असा आवाज दिला होता. तो फजितीत जितका खोल जाई तितका हा आवाज गंभीर होई, आणि आमची आजी विनोद यायच्या आधीच तोंडाला पदर लावी. खरे सांगायचे तर हे वाचन तिच्यासाठीच असे, आम्ही पोरे केवळ पंक्तीचा लाभ घेत होतो. आजी गेली त्या वर्षी पुस्तक कपाटाबाहेर आले नाही. दुसऱ्या वर्षी एका शनिवारी अण्णांनी आपण होऊन ते काढले आणि आम्हां भावंडांना हाक मारली.

पहिल्या भागाला अण्णा वकीलकाकांकडे आले ते बगलेत पुस्तक घेऊनच. खुर्चीवर ताठ बसून त्यांनी सगळे पाहिले. भाग संपताच चाळीची सभा भरली. एका काकूंना चिमणराव फारच तरुण वाटला. दुसरीला तो आवडला, परंतु हा बायकोला इतका भितो हे बघून घरच्या पुरुषांवर काय परिणाम होईल, अशी काळजी तिला पडली. (तिच्या घरी काळजीचे काही कारण नव्हते.) ज्यांनी १९४० सालचा 'लग्न पहावे करून' थेटरात पाहिला होता, त्यांच्या डोळ्यांसमोरून दामुअण्णा मालवणकर हलायला तयार नव्हते. गुंड्याभाऊवर मात्र सर्वांचे एकमत झाले. बाळ कर्वे पुस्तकातून उठूनच आले आहेत, असे वकीलकाका म्हणाले.

सर्वांचे बोलून झाल्यावर अण्णा उठले. "हा आमचा चिमणराव नव्हे!" ते म्हणाले. "अहो, पुस्तकात चिमणराव स्वतः आपली फजिती सांगतो. सांगताना त्याला पत्ताच नसतो, की आपण हसण्यासारखं काही सांगतोय. इथं तो नुसता बाहेरून दिसतो. सांगणारा गेला कुठं?"

आक्षेप बिनतोड होता. बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवणाऱ्या चि. विं.नी खरी करामत केली आहे ती त्या सांगण्यातच, हे मला पुढे कळले. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मला चिमणराव दिसला एवढेच पुरेसे होते.

पुढच्या भागांना अण्णा आले नाहीत. आम्ही गेलो. तीन-चार आठवड्यांत चाळीची भाषा हळूहळू बदलली. आधी "पुस्तकात असं नाही" असे म्हणणारे लोक "आज काय धांदल उडाली हो त्याची!" असे म्हणू लागले. नट सरावले असतील, लिहिणारे सैलावले असतील. पण निम्मे आम्हीही बदललो होतो. प्रभावळकरांची ती बावरलेली नजर आता आमच्या ओळखीची झाली होती. तारुण्याची तक्रार करणाऱ्या काकूच "आमच्या चिमणरावाचा वार" म्हणून त्या दिवशी कुकर लवकर लावू लागल्या. शाळेत मधल्या सुट्टीत मी चिमणराव होत असे.

अशाच एका शनिवारी अण्णांनी पुस्तकाचा दोरा सोडला आणि हाक मारली. माझी धाकटी बहीण जागेवरूनच म्हणाली, "आता कशाला वाचायचं अण्णा? टीव्हीवर दिसतो की तो!"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी दोरा पुन्हा बांधला. मी कोपऱ्यात भूगोलाचे पुस्तक घेऊन बसलो होतो आणि तिचे म्हणणे चूक आहे हे मला कळत होते. पण मी मान वर केली नाही. पुढचे कित्येक शनिवार पुस्तक कपाटातच राहिले.

मग एकदा ऐन रंगात आलेल्या भागात चाळीचा फ्यूज उडाला. अंधारात चाळीस माणसे आणि चिमणरावाची फजिती अर्ध्यावर! तारेसाठी शोधाशोध सुरू झाली. तेवढ्यात वकीलकाकू म्हणाल्या, "अरे, अण्णांना बोलवा. त्यांना पाठ असेल पुढचं."

मी जिन्याकडे धावलो आणि तिसऱ्याच पायरीवर कुणालातरी धडकलो.

"हळू रे!" अण्णा म्हणाले. अंधारात, जिन्यावर, भिंतीला टेकून ते बसले होते. तिथून वकीलकाकांच्या खोलीतले सगळे स्वच्छ ऐकू येत असे.

"अण्णा, वर चला. पुढचं सांगा."

"कुठपर्यंत आलं होतं?" त्यांनी विचारले, आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाले, "ठाऊक आहे. त्याच्या आधीचं एक वाक्य गाळलंय त्यांनी."

काकूंनी मेणबत्ती लावली. अण्णा त्याच खुर्चीवर बसले आणि आधी गाळलेले वाक्य सांगून मग पुढे निघाले. गुंड्याभाऊ तसाच गरजला. तान्हे आता मोठे झाले होते, ते हसले. मग चिमणराव बोलू लागला आणि मी चमकून वर पाहिले. तो हेडक्लार्कचा भारदस्त आवाज नव्हताच. बारीक, दबकत येणारा, वाक्याच्या मध्येच धीर सुटणारा आवाज होता तो.

अण्णांच्याही ते ध्यानात आले असावे. ते थांबले. मेणबत्तीकडे बघत राहिले.

"पुढे काय झालं अण्णा?" सतरंजीवरून बहिणीने विचारले.

अण्णांनी घसा खाकरला आणि त्याच आवाजात पुढे चालू केले. दिवे आले तेव्हा टेलिव्हिजनवर बातम्या लागल्या होत्या. काकूंनी बसल्या जागेवरून हात लांब करून आवाज बंद केला. बातम्या सांगणाऱ्या बाईंचे नुसते ओठ हलत राहिले.