परदेशी शाळांबरोबरच्या ऑनलाइन सहप्रकल्पांना शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळावी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना परदेशातील शाळांबरोबर ऑनलाइन साधनांच्या मदतीने सहप्रकल्प करता यावेत, यासाठी वेळ, परवानगी, साधने आणि संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

3 डिसेंबर 2020 रोजी लंडनहून जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव जगभर गेले. पुरस्कार मिळवणारे तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या क्यूआर कोड जोडलेल्या पाठ्यपुस्तकांची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही लोकांच्या लक्षात राहिले. त्यांच्या कामाची एक बाजू मात्र मागे पडली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराण-इराक अशा ताणलेल्या संबंधांच्या देशांतील मुलांच्या सहा आठवड्यांसाठी जोड्या लावायच्या आणि त्यांना एकमेकांशी बोलते करायचे, असा त्यांचा उपक्रम होता. परितेवाडीच्या वर्गातून ते इतर देशांतील वर्गांना आभासी सहलींवरही नेत.

राज्यातील अनेक शिक्षकांना असे काही करण्याची उमेद आहे. जे करतात, ते स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर आणि बहुधा स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी करतात. शिक्षकाची बदली झाली की परदेशातील शाळेशी जुळलेला धागा तिथेच तुटतो, कारण तो शाळेचा नसून त्या एका माणसाचा असतो. हे काम शिक्षकाच्या हौसेवर न सोडता शाळेच्या कामाचा भाग व्हावे, ही निवेदन देणाऱ्या शिक्षक-पालकांची मुख्य मागणी आहे.

या कल्पनेत नवीन काही नाही. 1988 साली, शीतयुद्ध पुरते संपलेही नसताना, न्यूयॉर्क राज्यातील 12 आणि मॉस्कोतील 12 शाळा दूरसंचार यंत्रणेने जोडल्या गेल्या. त्यातूनच पुढे ‘आयअर्न’ हे शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्याचे भारतीय केंद्र पुण्यात आहे. युरोपीय संघाने 2005 मध्ये ‘ई-ट्विनिंग’ सुरू करून आपल्या शाळांसाठी हीच सोय सरकारी पातळीवर केली. त्यामुळे तिथल्या शिक्षकाला जोडीदार शाळा शोधण्यासाठी ओळखीपाळखी काढाव्या लागत नाहीत. महाराष्ट्रातल्या शिक्षकाला त्या आजही काढाव्या लागतात.

व्हिडिओ कॉलवर दोन वर्गांनी एकमेकांना हात हलवून दाखवणे, एखादे गाणे म्हणणे आणि फोटो काढून गटावर टाकणे, एवढ्याला सहप्रकल्प म्हणू नये. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांवाचून पुरे करता येणार नाही असे काम हाती असेल, तरच तो सहप्रकल्प ठरतो. एक उदाहरण पुरेसे आहे. सोलापूर आणि कझाकस्तानातील अल्माटी ही दोन शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यांच्या अक्षांशांत सुमारे साडेपंचवीस अंशांचे अंतर आहे. हिवाळ्यात एकाच दिवशी दोन्हीकडच्या आठवीच्या मुलांनी मैदानात काठी उभी करावी, स्थानिक मध्यान्हीला सर्वांत आखूड सावली मोजावी आणि प्रमाणात त्रिकोण काढून सूर्यकिरणांचा कोन शोधावा. दोन कोनांमधला फरक आणि नकाशावरून काढलेले, 2,800 किलोमीटरहून थोडे अधिक भरणारे अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ निघतो. तो 40,000 किलोमीटरच्या आसपास यायला हवा. इराटोस्थेनीसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरलेली ही रीत आहे. यासाठी काठी, फूटपट्टी, कोनमापक आणि दोन्ही वर्गांना भरता येईल असा एक सामायिक तक्ता लागतो. थेट कॉलचीही गरज नाही. पण अल्माटीचा आकडा आल्याशिवाय सोलापूरच्या मुलांचे गणित सुटत नाही, आणि सोलापूरच्या आकड्याशिवाय त्यांचे. भूगोल, गणित आणि विज्ञान इथे एकाच दुपारी एकत्र येतात.

जोडीदार कुठे शोधावेत, याचा विचार घड्याळापासून करावा लागेल. आपल्याकडे सकाळचे 11 वाजतात तेव्हा लंडनमध्ये पहाट असते आणि न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. त्याच वेळी जपानमध्ये दुपारचे अडीच झालेले असतात आणि मॉरिशसमध्ये सकाळचे साडेनऊ. या दोन्ही ठिकाणी महाराष्ट्राची आधीच ओळख आहे. जपानच्या वाकायामा प्रांताशी राज्याने 2013 मध्ये सामंजस्य करार केला आहे. मॉरिशसशी तर रक्ताचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज तिथे राहतात आणि तिथल्या शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो. घरी क्रिओल बोलणारा आणि शाळेत मराठी शिकणारा तिथला विद्यार्थी आणि रत्नागिरीतला विद्यार्थी यांनी आपापल्या गावच्या गणपतीची, होळीची, आजीच्या स्वयंपाकाची नोंद मराठीत मिळून करावी, यापेक्षा चांगली सुरुवात कोणती? पहिल्या टप्प्यात शासनाने या दोन ठिकाणच्या शिक्षण विभागांशी पत्रव्यवहार करून जोडीदार शाळांची यादी मिळवावी.

इतर देशांच्या बाबतीत इंग्रजीचा अडसर पुढे केला जातो. तो खरा आहे, पण मुलांना थांबवण्याइतका मोठा नाही. लेखी अनुवादाची साधने आता मराठीतही उपलब्ध आहेत आणि केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही अनुवाद सेवा 2022 पासून सुरू आहे. मुलांनी आधी मराठीत नेमके लिहावे, मग अनुवाद करून घ्यावा आणि शिक्षकांबरोबर तो तपासावा. मराठी माध्यमाच्या मुलांना या कारणावरून वगळले जाऊ नये, असे शासनाने स्पष्ट लिहावे.

साधनांबाबत अलीकडचा अनुभव सावध करणारा आहे. वर्गावर्गांतील ‘ओळखा आम्ही कुठले’ या खेळासाठी जगभरच्या शिक्षकांनी वापरलेले स्काइप मे 2025 मध्ये बंद झाले. मुलांच्या छोट्या व्हिडिओ उत्तरांसाठी लोकप्रिय असलेले ‘फ्लिप’ 2024 मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून उरले नाही, आणि गूगलचा ‘जॅमबोर्ड’ हा सामायिक डिजिटल फळा त्याच वर्षाअखेर संपला. ज्यांचे सगळे काम तिथेच होते, त्यांना ते घाईने हलवावे लागले. म्हणून कोणत्याही एका कंपनीच्या उत्पादनाची सक्ती करणारा आदेश काढू नये. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मूडल (ऑनलाइन अभ्यासवर्ग) आणि बिगब्लूबटन (व्हिडिओ वर्ग) यांसारखी मुक्त स्रोत साधने स्वतःच्या सर्व्हरवर चालवावीत आणि प्रत्येक शाळेला शाळेच्या नावाचा अधिकृत ईमेल द्यावा. प्रकल्पाचे दप्तर त्या खात्यात राहील आणि शिक्षक बदलून गेला तरी पुढच्याच्या हाती लागेल.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत निवेदन देणाऱ्या पालकांचा आग्रह सर्वांत तीव्र आहे, आणि तो रास्त आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे आवश्यक मानले आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. असे असताना मुलांचे फोटो आणि पूर्ण नावे शिक्षकांच्या खासगी मोबाइलमधून परदेशी गटांवर जाणे योग्य नाही. शासनाने सोप्या मराठीत एक पानी संमतिपत्र तयार करून द्यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ते वाचून दाखवले जावे. मुलांनी आडनाव, पत्ता व फोन नंबर देऊ नये, सर्व संवाद शिक्षकाच्या देखरेखीखाली शाळेच्या खात्यातूनच व्हावा आणि नकार देणाऱ्या पालकांच्या मुलालाही चेहरा न दाखवता प्रकल्पात भाग घेता यावा.

परवानगी कोणाची घ्यायची, हे आज शिक्षकांना ठाऊक नसते. ती गटशिक्षणाधिकारी पातळीवर मिळावी आणि 15 दिवसांत उत्तर न आल्यास मिळाली असे समजावे. वेळेसाठी नवी तासिका नको. पहिली ते आठवीचा आनंददायी शनिवार आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दप्तराविना दहा दिवस तयारीला पुरतील.

इंटरनेटचे काय? शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायस प्लसच्या 2024-25 च्या आकडेवारीनुसार देशातील 63.5 टक्के शाळांत ही सोय आहे. म्हणजे सुमारे दर तीन शाळांपैकी एका शाळेत ती अजून नाही. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल तिथून ती शाळेपर्यंत न्यावी. जोडणीचे मासिक बिल शाळा अनुदानात स्वतंत्र शीर्षाखाली मिळावे.

एक कळकळीची विनंती अशी की, या उपक्रमासाठी नवे पोर्टल, रोज भरायची लिंक आणि फोटो अपलोड करण्याची स्पर्धा सुरू होऊ नये. वर्षाअखेर प्रत्येक शाळेकडून प्रकल्पाचा एक मराठी अहवाल मागवावा, तोही मुलांनी लिहिलेला.

येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी या मागण्यांचा शासन निर्णय काढावा आणि पहिल्या वर्षी प्रत्येक तालुक्यातील इच्छुक शाळांपैकी किमान एका शाळेला जोडीदार मिळवून द्यावा, ही नम्र विनंती. चर्चेसाठी बोलावल्यास शिक्षक व पालकांचे प्रतिनिधी उपस्थित राहतील.

निवेदनकर्ते : जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित शाळांतील शिक्षक आणि पालक

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त (शिक्षण), पुणे, मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे