आवाज चार हजार वॅटचा, वायर मात्र दोरीएवढी

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी आमचा भाचा दारात येऊन उभा राहिला. एरवी "जयभीम मामा" म्हणत हसत घरात शिरणारा हा मुलगा त्या दिवशी काही बोलेना. हातात वायरीचा एक काळपटलेला तुकडा होता. सौ.ने पाणी दिले, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडले. "मामा, काल गाडी पेटली असती."

भाचा म्हणजे आमच्या थोरल्या ताईचा मुलगा. ताईने चार घरची धुणीभांडी करून त्याला बारावीपर्यंत शिकवले. दोन वर्षांपूर्वी पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने एक जुनी डिझेल गाडी घेतली. विमानतळाची, लग्नाची, देवदर्शनाची भाडी मारतो आणि महिन्याला नऊ हजारांचा हप्ता फेडतो. घर त्या गाडीवर चालते. अशा गाडीत त्याने अठ्ठावीस हजार रुपये खर्चून अॅम्प्लिफायर आणि दोन बारा इंची वूफर बसवून घेतले होते. त्यात ताईच्या भिशीचे दहा हजार होते. दुकानदाराने डब्यावरचा आकडा दाखवून सांगितले, "चार हजार वॅट! रस्त्याला कळेल तुमची गाडी आली म्हणून." शनिवारी रात्री गिऱ्हाईक सोडून परतताना पायाखालच्या मॅटमधून जळका वास येऊ लागला. पोराने प्रसंगावधान राखून गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडले आणि बॅटरीची वायर उपटली.

वाचकहो, आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. विजेचे शिक्षण आमचे नाही. परंतु आमच्या मंडळाच्या लाउडस्पीकरच्या खोलीची किल्ली कैक वर्षे आमच्याकडे आहे, आणि वस्तीतील एका निवृत्त वायरमनदादांच्या हाताखाली आम्ही थोडेफार शिकलो आहोत. त्या दादांना बोलावले आणि दुपारभर आम्ही तिघे गाडीपाशी बसलो. त्या दुपारी जे कळले ते आमच्या इतर भाच्या-पुतण्यांनाही कळावे, म्हणून हा लेख. गाडीत गाणे हवे असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. बारा-बारा तास स्टिअरिंगवर बसणाऱ्याला तेवढा विरंगुळा हवाच. पण शौक डोळसपणे करावा.

प्रथम वॅटचा हिशेब. हा हिशेब आमच्या ताळेबंदासारखाच आहे; जमेपेक्षा खर्च जास्त असूच शकत नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. भाच्याच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे २५ अँपिअरचे दोन फ्यूज होते, म्हणजे एकूण ५० अँपिअर. पन्नास गुणिले चौदा म्हणजे सातशे. सातत्याने आत जाणारी वीजच जर सातशे वॅट, तर बाहेर चार हजार येणार कोठून? त्यातही काही वीज उष्णतेत वाया जाते. 'क्लास डी' जातीचा अॅम्प्लिफायर सुमारे ऐंशी टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचवतो, जुना 'क्लास एबी' साठ टक्क्यांच्या आसपास. भाच्याचा क्लास डी होता, म्हणजे फार तर साडेपाचशे वॅट. डब्यातली पुस्तिका उघडली तर तिच्यात बारीक अक्षरात '५०० वॅट आरएमएस' असेच छापलेले निघाले. खरेदी करताना हा आरएमएसचा आकडाच पाहावा. 'मॅक्स', 'पीक' हे आकडे केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतात. आमच्या तरुणपणी टू-इन-वनवर पीएमपीओचे असेच फुगवलेले आकडे असत; नाव बदलले, चाल तीच. आणि लक्षात ठेवा, वॅट दुप्पट झाले तरी आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

आता वायरीकडे वळू. ५०० वॅट बाहेर हवेत तर बॅटरीतून सुमारे ४५ अँपिअर वाहणार. घरातला गिझरदेखील १५ अँपिअरच्या आत भागवतो, त्याच्या तिप्पट करंट हा. दुकानदाराने लावलेली वायर वरून अंगठ्याएवढी जाड दिसत होती. दादांनी ब्लेडने सोलली तर सगळे प्लॅस्टिकच! आतला गाभा घरच्या चार चौरस मिलिमीटर वायरीएवढा. तारा खरवडल्या तर आतून पांढऱ्या. म्हणजे अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर अंतर धरले, आणि एवढी वायर शुद्ध तांब्याची असती असे मानले, तरी ४५ अँपिअर सतत वाहिले तर तिच्यात सुमारे एक व्होल्ट आणि ४३ वॅट उष्णता वाया जाते. मुलाम्याच्या वायरीत त्याहून अधिक. वायरमनची सोल्डरिंग २५ वॅटची असते. दोन सोल्डरिंग पेटवून मॅटखाली ठेवल्यासारखीच ही गोष्ट झाली. वास येणार नाही तर काय?

तीच वायर शुद्ध तांब्याची, वीस-एकवीस चौरस मिलिमीटरची, म्हणजे बाजारात जिला चार गेज म्हणतात ती घेतली, तर उष्णता आठ वॅटवर येते आणि पाच मीटरवर पसरून जाते. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हेही ध्यानात ठेवावे. मात्र नुसत्या छापील गेजवर विश्वास ठेवू नये. दुकानातच टोक सोलून गाभा पाहावा, एक तार खरवडून पाहावी. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान धरावे.

यापेक्षाही गंभीर चूक पुढे सापडली. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता! भाचा म्हणाला, "मामा, अॅम्प्लिफायरला आहेत की दोन फ्यूज." दादा म्हणाले, "बाळा, ते फ्यूज त्या डब्यासाठी. बॅटरीपासून डब्यापर्यंतच्या पाच मीटर वायरीचे रक्षण कोण करणार?" इंजिनाच्या बाजूने वायर आत येते तेथे पत्र्याला भोक पाडले होते आणि त्यात रबरी ग्रोमेट बसवलेले नव्हते. पत्र्याच्या धारेवर घासून वायरीचे कव्हर अर्धे कापले गेले होते. आणखी काही दिवसांनी तांबे पत्र्याला टेकले असते. गाडीचा सगळा पत्रा हा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. अशा वेळी बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात, वायर लालबुंद होते, आणि ती तोडणारा फ्यूजच नाही! मागच्या सीटवर कोणाची लेकरे बसली असती तर? त्या क्षणी आम्ही तिघेही गप्प झालो.

म्हणून नियम असा, की मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायरीवर ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो वायरीला झेपेल त्याहून मोठा कधीही नको. आम्ही नव्या वायरीला ६० अँपिअरचा फ्यूज लावला. फ्यूज उडाला तर का उडाला ते शोधावे. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

कामाला हात घालण्यापूर्वी दादांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. ती प्रथम काढायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. मग नवी वायर ग्रोमेटमधून घेतली, डिझेलच्या नळीपासून आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांपासून दूर ठेवली, जागोजागी केबल टायने बांधली. टोकांना पिळा मारून टेप गुंडाळली नाही, तर लग पंच करून बसवले.

अर्थची वायरही पॉझिटिव्हइतकीच जाड लागते आणि जितकी आखूड तितकी बरी, अर्ध्या मीटरच्या आत. दुकानदाराने ती सीटबेल्टच्या बोल्टला अडकवली होती. तो बोल्ट माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला हात लावू नये. आम्ही डिकीतल्या जाड पत्र्यावर पॉलिश पेपरने रंग खरवडून चकचकीत धातू काढला, तेथे स्वतंत्र बोल्ट मारला, आणि गंज धरू नये म्हणून वरून रंगाचा हात दिला. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून 'कुंई' असा सूर येतो ना, तो पुष्कळदा कच्च्या अर्थमुळे येतो. गाण्याच्या बारीक आरसीए वायरी मुख्य वायरीसोबत एकत्र नेल्या तरी घरघर येऊ शकते. त्या गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. स्टिरिओतून येणारी रिमोटची बारीक वायर मात्र विसरू नये. स्टिरिओ बंद झाला की अॅम्प्लिफायर बंद करणारी तीच. ती नसेल तर रात्रभरात बॅटरी उतरते आणि पहाटेचे भाडे जाते.

राहिला प्रश्न वूफरचा. प्रत्येक वूफरमध्ये चार-चार ओहमच्या दोन कॉइल होत्या. दुकानदाराने चारही कॉइल समांतर जोडल्या होत्या, म्हणजे ४ भागिले ४, एक ओहम. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते, दोन ओहमपेक्षा कमी नको. ओहम जितके कमी तितका करंट जास्त. बिचारा अॅम्प्लिफायर ताकदीबाहेरचे ओझे ओढत होता. आता उपाय दोन होते. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल एकापुढे एक जोडून आठ ओहम करायचे आणि मग दोन्ही वूफर समांतर जोडून चार ओहम. किंवा एकच वूफर ठेवून त्याच्या दोन कॉइल समांतर जोडायच्या, म्हणजे नेमके दोन ओहम.

येथे आम्ही भाच्याला विचारले, "दोन वूफरच्या खोक्याने डिकी भरली. मग विमानतळाच्या गिऱ्हाइकाच्या बॅगा कोठे ठेवतोस?" तो मान खाली घालून म्हणाला, "पुढच्या सीटवर. दोन भाडी त्यापायी गेली, मामा." मग काय ठरले असेल ते सांगायला नकोच. एक वूफर, एक लहानसे बंद खोके, आणि डिकीत दोन बॅगांची जागा.

शेवटी दादांनी 'गेन'चे बटण समजावले. पुष्कळ मुले त्याला आवाजाचे बटण समजून पूर्ण फिरवतात. ते स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी असते. स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवून गेन हळूहळू वाढवावा, आवाज फाटू लागला की थोडा मागे घ्यावा. फाटका आवाजच वूफरची कॉइल जाळतो. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला की वूफर फक्त ठेका वाजवतो, गाण्याचे शब्द पुढच्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येतात. सगळे जोडून गाणे लावले तेव्हा ताईसुद्धा म्हणाली, "आता गाणं गाण्यासारखं वाटतंय."

या दुरुस्तीला साडेचार हजार लागले. दुसरा वूफर दुकानदाराने परत घेतला नाही, कारण पावती म्हणून त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर नुसती बेरीज लिहून दिली होती. बंधूंनो, जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल हाती असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आणखी दोन शब्द कानांविषयी. अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे! काचा बंद केलेल्या गाडीत वूफर तेवढा आवाज सहज काढतो. ड्रायव्हरला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा आणि म्हातारपणी नातवाचे बोलणेही. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो.

जयंतीच्या टेम्पोवर स्पीकर चढवणाऱ्या आमच्या मंडळांतील मुलांनीही यातून बोध घ्यावा. तेथे जनरेटरचा २३० व्होल्टचा करंट असतो आणि चूक थेट जिवावर बेतते. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

भाचा आता पुन्हा भाडी मारू लागला आहे. परवा ताईला दवाखान्यात घेऊन जाताना त्याने गाणे हळू लावले होते, असे ताईने मुद्दाम सांगितले. तो जळका वायरीचा तुकडा मात्र आम्ही टाकलेला नाही. मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवला आहे. गाडीत नवी वायर ओढायला निघालेल्या मुलाने आधी येऊन तो पाहावा, आणि मग दुकानाची पायरी चढावी.