स्वस्त बोर्डाची उरलेली किंमत

"रास्पबेरी पाय घेऊ की ऑरेंज पाय?" हा प्रश्न मला वर्षातून दहादा तरी विचारला जातो. विचारणारा सहसा तक्ता करूनच आणतो. कोअर किती, रॅम किती, पोर्ट किती, किंमत किती. तक्त्यात बऱ्याचदा ऑरेंज पाय जिंकतो. माझं म्हणणं एवढंच की तक्त्यात एक रकाना कमी आहे: या बोर्डावरचं लिनक्स पाच वर्षांनी कोण सांभाळणार?

मूळ अडचण अशी. पीसीवर कुठलंही लिनक्स टाका, बहुतेक वेळा चालतं, कारण काय कुठे जोडलंय हे पीसीचं फर्मवेअरच कर्नलला सांगतं. या छोट्या एआरएम बोर्डांवर तशी सोय सहसा नसते. सगळी जोडणी 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फायलीत लिहून द्यावी लागते, आणि तीही प्रत्येक बोर्डासाठी वेगळी. वर चिपचे ड्रायव्हर आहेतच. चिप बनवणारी कंपनी बहुधा एखादं कर्नल पकडते, त्यात आपले ड्रायव्हर कोंबते आणि पुढच्या चिपच्या मागे लागते. मागे राहिलेल्या कर्नलचा वाली कोण?

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑलविनर एच३. ऑरेंज पाय पीसीसारख्या स्वस्त बोर्डांवरची ही चिप. कंपनीने दिलेलं कर्नल ३.४, म्हणजे मूळ २०१२ सालचं. २०१६ मध्ये त्यात एक भगदाड सापडलं. प्रॉक फोल्डरमधल्या एका फायलीत 'रूटमायडिव्हाइस' हा शब्द लिहिला की कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला थेट रूटचे अधिकार! कुलूप भारी, पण किल्ली पायपुसण्याखाली :-) आज एच३ मुख्य प्रवाहातल्या लिनक्स कर्नलवर नीट चालते. त्याचं बरंचसं श्रेय 'लिनक्स-सनशी' या स्वयंसेवी प्रकल्पाला. या मंडळींनी वर्षानुवर्षं खपून ड्रायव्हर लिहिले आणि मूळ कर्नलमध्ये पोचवले.

आता प्रकल्पांकडे वळू.

रास्पबेरी पाय ओएसची सुरुवात २०१२ साली 'रास्पबियन' म्हणून झाली, तीही फाउंडेशनबाहेर. पहिल्या पायचा प्रोसेसर एआरएमव्ही६ जातीचा, तर डेबियनची हार्ड-फ्लोट आवृत्ती व्ही७ मागत होती. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी हजारो पॅकेजं व्ही६ साठी पुन्हा कंपाइल केली. २०२० मध्ये नाव बदललं. मला कौतुक याचं की २०२३ ची 'बुकवर्म'वर आधारलेली आवृत्तीसुद्धा २०१२ च्या त्या पहिल्या बोर्डावर चालते. सगळं गोड नाही. बूट होतानाचं फर्मवेअर बंदिस्त आहे, आणि २०२१ मध्ये वापरणाऱ्यांना न विचारता मायक्रोसॉफ्टची रिपॉझिटरी यादीत घातली गेली, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. तरीही सांभाळणारा पक्का आहे, पगारी आहे.

आर्मबियनचा पसारा उलटा. शंभराहून जास्त बोर्ड, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि सगळ्यांवर डेबियन किंवा उबुंटू. मला या प्रकल्पाची आवडलेली गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. कुठल्या बोर्डाला सांभाळणारा माणूस आहे आणि कुठला बोर्ड समुदायाच्या भरवशावर सोडलाय, हे ते सरळ लिहून ठेवतात. माझ्या मते बोर्ड विकत घेण्याआधी वाचायची पहिली यादी हीच.

डाएटपाय तिसऱ्या जातीचं. डेबियन बारीक करून त्यावर स्क्रिप्ट चढवलेल्या. पाय-होल, नेक्स्टक्लाउड असलं काही मेनूतून निवडायचं की बसलं. कमी रॅमच्या बोर्डाला झकास. पण रास्पबेरी सोडून इतर बऱ्याच बोर्डांसाठी त्याचं कर्नल आर्मबियनकडूनच येतं. म्हणजे वरचा मजला वेगळा, पाया तोच.

"अहो, छंदाचं खेळणं आहे, एवढं काय मनावर घेता?" असं कुणी म्हणेल. दिवे लुकलुकवायचे असतील, नेटला जोडायचं नसेल, तर खुशाल सगळ्यात स्वस्त बोर्ड घ्या. पण हे बोर्ड खेळण्यासारखे वापरले जात नाहीत. घरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवत, सगळ्या घराचं डीएनएस सांभाळत ते राउटरमागे वर्षानुवर्षं चालू असतात, आणि चालू आहेत तोवर त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नेमक्या याच जागी न सांभाळलेलं कर्नल महाग पडतं.

थोडक्यात काय, तर स्वस्त बोर्डाची उरलेली किंमत कुणीतरी भरतच असतं. एक तर आपण, आपल्या सुरक्षेतून, नाहीतर कुठलातरी स्वयंसेवक, आपल्या शनिवार-रविवारातून. बोर्डाचे पैसे कारखान्याला गेले, यातलं काही त्या स्वयंसेवकापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून माझा सोपा नियम: आधी सांभाळणारा बघा, मग बोर्ड निवडा. आणि स्वस्त बोर्ड घेऊन जे पैसे वाचले, त्यातले थोडे त्या प्रकल्पाला देणगी म्हणून पाठवा. पैसे नसतील तर नवीन आवृत्ती आपल्या बोर्डावर तपासून नीट अहवाल द्या. तेही देणंच आहे.

असो. तक्ता करायला माझी ना नाही. फक्त तो नवा रकाना सगळ्यात आधी भरा.