लाटण्याच्या टोकाची खूण

घरातले लाटणे हातात घेऊन त्याची टोके उजेडात धरली, तर पुष्कळदा मधोमध एक बारीक खळगा दिसतो. कधी त्याच्याभोवती दोन किंवा चार चिराही असतात. गृहिणीला ती लाकडाचीच खोड वाटते. कातारी मात्र पाहताक्षणी ओळखतो, की लेथवर लाकूड धरले होते ते याच ठिकाणी. भोवरा, पाळण्याच्या कांड्या, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब अशा कितीतरी वस्तूंच्या जन्माची ही खूण आहे. काम झाल्यावर टोके कापून टाकली, तर तीही उरत नाही.

आपल्याकडच्या जुन्या हातलेथवर या चिरा पडत नसत. तिथे दोन अणकुचीदार खिळ्यांमध्ये लाकूड अडकवायचे, त्याला दोरीचा वेढा द्यायचा आणि कमानीने किंवा मदतनिसाच्या हातांनी ती दोरी मागेपुढे ओढायची. लाकूड फिरवायची ती दोरी. खिळ्यांनी फक्त धरून ठेवायचे. सावंतवाडी, कर्नाटकातले चन्नपट्टण, आंध्रातले एटिकोप्पाका इथली लाखेची रंगीत खेळणी अशा लेथवरच नावारूपाला आली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो.

मोटर आली आणि चित्र बदलले. आता जोर स्पिंडलमधून येतो, आणि तो लाकडापर्यंत पोचवायला मध्ये काहीतरी चावा घेणारे हवे. ते म्हणजे ड्रायव्हिंग सेंटर: मधे टोकदार अणी, तिच्याभोवती दोन किंवा चार धारदार दात, आणि मागे निमुळता होत गेलेला पोलादी दांडा. हा दांडा हेडस्टॉकच्या पोकळ स्पिंडलमध्ये नुसता सरकवायचा असतो. त्याला ना आटे असतात, ना स्क्रू. टेबलावर मावणारा छोटा लेथ हौसेने घरी आणणाऱ्या निवृत्त गृहस्थाला पहिली शंका येते ती इथेच. नुसता खुपसलेला हा तुकडा निसटणार नाही?

निसटत नाही, याचे श्रेय त्या निमुळतेपणाला आहे. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६०च्या दशकात हे माप बसवले, म्हणून त्याला मोर्स टेपर म्हणतात. दांड्याची जाडी २० मि.मी. लांबीला सुमारे १ मि.मी. एवढीच कमी होत जाते. उतार इतका मंद असल्यामुळे दाबून बसवलेले पोलाद पोलादाला घट्ट धरून राहते. छोट्या लेथवर साधारणपणे १ किंवा २ क्रमांकाचा टेपर असतो. जाड टोकाशी पहिला सुमारे १२ मि.मी., तर दुसरा सुमारे १८ मि.मी. असतो. आयटीआयमध्ये टर्नरचे शिक्षण घेतलेल्या मुलाला हे पाठ असते, कारण लोखंडाच्या लेथवर आणि मोठ्या ड्रिलिंग मशीनवरही हाच टेपर असतो.

पण ही पकड स्वच्छतेवर अवलंबून आहे. भुशाचा एखादा कण आत राहिला, तर दांडा सर्व बाजूंनी टेकत नाही. मग काम ऐन भरात असताना तो आतल्या आत फिरतो आणि स्पिंडलच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे उठतात. एकदा असे झाले, की पुढे ती पकड पहिल्यासारखी राहत नाही. सेंटर दुसरे विकत घेता येते, स्पिंडलचे काम मात्र खर्चाचे असते. म्हणून लेथची पिन काढून, कोरडे फडके बारीक काठीला गुंडाळून भोक आतून पुसावे, दांडाही पुसावा. तेल लावू नये. यंत्राला तेल लावणे ही आपली चांगली सवय, पण इथे ती घसरवते.

आता लाकूड. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांवर कर्णरेषा मारल्या, की छेदबिंदू हा मध्य. तिथे टोच्याने खूण करावी. लाकूड सागवानापेक्षाही टणक असेल, तर अणीसाठी बारीक भोक पाडून कर्णरेषांवर करवतीने उथळ चिरा द्याव्यात. टोकाला आधीच चीर गेली असेल, तर दात त्याच रेषेत बसवू नयेत, लाकूड दुभंगेल. यानंतर सेंटर लेथमधून बाहेर काढून, लाकूड भक्कम पाटावर उभे धरून, मोगरीने ठोकावे. लोखंडी हातोडीने दांड्याचे टोक पसरते आणि मग तो स्पिंडलमध्ये नीट बसत नाही.

नवशिका हमखास चुकतो तो इथे. सेंटर लेथमध्येच ठेवून, त्यावर लाकूड टेकवून तो दुसऱ्या बाजूने हातोडी मारतो. काम पटकन होते खरे, पण प्रत्येक घाव स्पिंडलच्या बेअरिंगवर पडतो. आतल्या पोलादी गोळ्या आपल्या खाचेला बारीक खड्डे पाडतात. काही महिन्यांनी लेथ घरघरू लागला, की दोष मोटरला दिला जातो.

दात रुतलेले लाकूड सेंटरसह उचलून दांडा स्पिंडलमध्ये सरळ सरकवावा, टेलस्टॉक पुढे आणून त्याची अणी दुसऱ्या टोकाच्या खुणेत रुतवावी आणि चाक फिरवून दाब द्यावा. टेलस्टॉकला न फिरणारी, म्हणजे डेड सेंटरची अणी असेल, तर तिथे थोडे मेण लावावे. नाहीतर लाकूड जळून काळे पडते. आधी हाताने एक फेरा देऊन पाहावा, मग पिन लावून सर्वांत कमी वेगावर सुरू करावे आणि थोड्या वेळाने थांबवून टेलस्टॉक पुन्हा आवळावा, कारण दात आणखी रुतलेले असतात. ७५ मि.मी. व्यासाचे लाकूड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याची कड ताशी २१ कि.मी.हून अधिक वेगाने धावत असते. असा तुकडा सुटला तर नेम चेहऱ्याचाच. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल बांधावी, नुसता चष्मा पुरत नाही. सैल बाह्या, ओढणी, पदर, हातमोजे यांपैकी काहीही लेथजवळ नको.

काढणे हे बसवण्याइतकेच जपून करायचे काम. पिन आधी काढावी. टेलस्टॉक मागे घेऊन लाकूड सोडवावे. मग डाव्या हाताने हेडस्टॉकच्या मागच्या बाजूने लांब सळई घालायची आणि उजव्या हातात जाड फडके घेऊन सेंटर धरायचे. सळई थोडी मागे घेऊन एक झटका दिला, की टेपरची पकड सुटते. न धरता झटका दिला, तर सेंटर फरशीवर पडते आणि अणी वाकते. चप्पल घातलेल्या पायावर पडले, तर दात पायात शिरतात. दात लाकडात पक्के अडकले असतील, तर ओढाताण न करता लाकडाला हाताचा आधार देऊन दोन्ही एकदमच बाहेर काढावे. टेलस्टॉकला सळई क्वचितच लागते. बहुतेक लेथवर त्याचे चाक उलटे पूर्ण फिरवले, की आतला स्क्रूच सेंटरला बाहेर ढकलतो.

कोकणातल्या पावसाळ्यात सेंटर रात्रभर स्पिंडलमध्ये राहू देणे बरे नव्हे. गंज धरला की ते हटत नाही. मग पकडीने दात धरून पिळण्याचा मोह होतो आणि दात मोडतात. त्याऐवजी गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब मागून सोडून रात्रभर थांबावे, सकाळी सळईचा झटका द्यावा आणि सुटल्यावर तेलाचा अंशही पुसून काढावा. लेथ विकत घेताना दुकानदाराला विचारायचा प्रश्नही यातूनच निघतो, की स्पिंडल आरपार पोकळ आहे ना? भरीव असेल, तर सेंटर काढायची सोय काय, हे पैसे देण्याआधी दाखवून घ्यावे.

सेंटर काढल्यावर सळई स्पिंडलमध्येच विसरणारेही असतात. पुढच्या वेळी बटण दाबताच ती आत थडथडत फिरते, किंवा सरळ बाहेर फेकली जाते. तिच्यासाठी भिंतीवर, नजरेसमोर, एक वेगळा खिळा ठोकावा. तिथे सळई लटकलेली दिसल्याशिवाय लेथची पिन लावायची नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही समजतो. वडिलांना पहिल्यांदा टोकतात तीच.